गुडघेदुखी, संधिवात आणि गुडघेबदल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सांगली-मिरज भागात गेली सतरा वर्षं घरोघरी जाऊन गुडघ्याचे पेशंट चालते करते. माझ्या आईचेही दोन्ही गुडघे बदललेले आहेत, त्यामुळे पलंगाच्या दोन्ही बाजू मी पाहिल्या आहेत. खालचे प्रश्न पेशंटनी, त्यांच्या सुनांनी आणि पुण्यात किंवा अमेरिकेत असलेल्या मुलांनी मला वारंवार पाठवलेले आहेत. एक गोष्ट आधीच सांगते. तुमच्या सर्जननी वेगळं काही सांगितलं असेल तर तेच ऐका, कारण तुमचा गुडघा आतून त्यांनी पाहिलेला असतो.

१. संधिवात आणि आमवात एकच ना?

नाही, आणि हा फरक कळला नाही तर वर्षं वाया जातात. गुडघ्याचा नेहमीचा संधिवात म्हणजे झीज. हाडांच्या टोकांवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो, तो पातळ होत जातो. चाललं, जिना चढला की दुखतं, बसलं की बरं वाटतं. सकाळी पाय आखडलेला असतो, पण चहा होईपर्यंत सुटतो.

आमवातात शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती सांध्याच्या अस्तरावर उठते. दोन्ही हातांची बोटं, मनगटं सुजतात. सकाळचा आखडलेपणा तासभर किंवा त्याहून जास्त टिकतो, कणीक मळवत नाही, कपडे पिळवत नाहीत. हा तिशी-चाळिशीतल्या बायकांनाही होतो. अशी लक्षणं असतील तर रुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे आमवाताच्या तज्ज्ञाकडे जा आणि लवकर जा. पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झालं तर सांधे वाकडे होणं बऱ्याच अंशी टळतं.

२. चिकनगुनिया होऊन चार महिने झाले, तरी सांधे आखडतात. हे आता जन्माचं दुखणं झालं का?

बहुतेकांचं होत नाही. २००६ च्या साथीत महाराष्ट्रात गावंच्या गावं कमरेत वाकून चालत होती, आणि त्यातले बरेच जण काही महिन्यांत सरळ झाले. काहींना वर्षभर किंवा जास्त त्रास राहतो. ही झीज नव्हे, त्यामुळे गुडघा बदलण्याचा प्रश्नच येत नाही. तीन महिन्यांनंतरही सांध्यांवर सूज दिसत असेल तर मात्र रुमॅटॉलॉजिस्टना दाखवा, कारण त्याचं वागणं आमवातासारखं असू शकतं.

३. आमवाताची गोळी आठवड्यातून एकदाच दिली आहे. रोज घेतली तर लवकर बरं वाटेल का?

कृपा करून असं करू नका. मेथोट्रेक्सेट ही गोळी आमवातासाठी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली गेली तर तोंड सोलवटतं, रक्तातल्या पेशी कमी होतात, जीवही जाऊ शकतो. वार ठरवा आणि पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा: 'फक्त रविवार'. गोळ्या घरातलं दुसरं कुणी काढून देत असेल तर त्यांनाही हे नीट समजावून सांगा. सोबत दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी आणि रक्ताच्या तपासण्या चुकवू नका. तोंडात फोड, ताप, धाप यातलं काही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. मूल हवं असेल तर त्याचा विचार सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगा.

४. वांगी, आंबट, भात, वाल बंद केले तर गुडघे थांबतील का?

झिजेच्या संधिवातात यातलं काही बंद केल्याने कूर्चा वाचते असं दिसलेलं नाही. एखादा पदार्थ खाल्ल्यावर तुम्हाला स्वतःला दर वेळी त्रास होत असेल तर तो सोडा, पण सगळ्या डाळी बंद करून बसू नका. साठीनंतर मांड्यांचे स्नायू उतरत जातात आणि त्यांना प्रथिनं लागतात. आमटी, उसळ, ताक, अंडं, जे चालतं ते रोज पोटात जायला हवं. पथ्य लागतं ते गाऊटमध्ये, म्हणजे युरिक ॲसिड वाढून पायाचा अंगठा लालबुंद सुजतो त्या आजारात. तिथे कलेजीसारखं मांस, दारू आणि विशेषतः बिअर टाळायची.

५. सगळे डॉक्टर वजनावरच का येतात?

कारण गुडघ्यावर फक्त अंगाचं वजन पडत नाही. अंगाचं एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो. पाच किलो उतरले तर वीस. दिवसभराची पावलं मोजा म्हणजे कळेल. चालवत नाही म्हणून वजन वाढतं आणि वजनामुळे चालवत नाही, हे चक्र मी रोज पाहते. ते ताटापासून तोडायला लागतं. चहातली साखर, दुपारचा दुसऱ्यांदा घेतलेला भात, चार वाजताची बिस्किटं इथून सुरुवात करा.

६. आधीच झीज आहे. व्यायामाने ती वाढणार नाही का?

नाही. ही भीती मला सगळ्यात जास्त भेटते आणि सगळ्यात जास्त नुकसान तीच करते. मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्याचा धक्का झेलतो. तो उतरला की सगळा धक्का हाडांवर येतो. खुर्चीत बसून पाय सरळ करून दहा आकडे धरणं, खुर्चीतून हाताचा आधार न घेता दहा वेळा उठणं आणि सपाट रस्त्यावर चालणं, एवढ्यावरही अनेकांचं ऑपरेशन वर्षानुवर्षं लांबतं. व्यायाम करताना थोडं दुखलं आणि रात्रीपर्यंत शमलं तर ठीक. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला तर प्रमाण निम्मं करा, बंद करू नका.

७. इंजेक्शन, ग्लुकोसामाइन, पट्टा, गावातल्या वैदूच्या पुड्या, यातलं काय घ्यावं?

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने काही आठवडे, फार तर दोन-तीन महिने आराम पडतो. घरात लग्न आहे आणि उभं राहायचं आहे, अशा वेळी त्याचा उपयोग होतो. वारंवार घेऊ नका. घेतल्यापासून तीन महिने गुडघाबदल केला जात नाही, कारण जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. ग्लुकोसामाइन या कूर्चेसाठी विकल्या जाणाऱ्या औषधाचा मोठ्या चाचण्यांत ठोस फायदा दिसलेला नाही. ते पैसे दुधा-अंड्यांवर घाला. पट्ट्याने आधार वाटतो, चालताना लावा, पण दिवसभर बांधून ठेवू नका.

दुखण्याच्या गोळ्या दुकानातून आणून महिनोन्महिने घेणं मात्र थांबवा. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक या गोळ्या पोट, किडनी आणि रक्तदाब तिन्हींवर आघात करतात. आणि नाव नसलेल्या पुड्या! दोन दिवसांत जादू झाल्यासारखं वाटलं तर त्यात स्टेरॉइड असण्याची शंका घ्या. असं औषध महिनोन्महिने घेतलेलं असेल तर एकदम बंदही करू नका, रक्तदाब कोसळू शकतो. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

८. एक्सरेत 'ग्रेड फोर' आलंय. म्हणजे आता बदलायलाच हवा ना?

ग्रेड फोर ही एक्सरेवरच्या झिजेची शेवटची पायरी. पण एक्सरेवरून गुडघा बदलत नाहीत, माणसाच्या दिवसावरून बदलतात. माझ्याकडे ग्रेड फोरचे एक काका आहेत, रोज कृष्णेच्या घाटावर फिरून येतात. आणि ग्रेड थ्रीच्या एक काकू होत्या, त्या रात्री दर दोन तासांनी उठून पलंगावर बसायच्या.

मी पेशंटला वेगळं विचारते. गेल्या वर्षी तुम्ही जात होता पण यंदा गेला नाहीत अशी ठिकाणं सांगा. माझ्या आईने आधी बाजार सोडला, मग देऊळ, मग समोरच्या बिल्डिंगमधली भिशी. 'मला काय कुठे जायचंय' असं म्हणत तिने एकेक गोष्ट आपणहून गाळली आणि आम्हाला वाटलं की तिला आता घरीच बरं वाटतं. शेवटी ती पाणीच कमी पिऊ लागली, लघवीला पुन्हा उठायला लागू नये म्हणून. तेव्हा माझे डोळे उघडले. रोजच्या व्यवसायातली ही गोष्ट मला घरात दिसली नव्हती, याची खंत आजही आहे.

म्हणून माप असं ठेवा: झोप मोडते का, घरातल्या घरात चालताना दुखतं का, व्यायाम आणि औषधं मनापासून सहा महिने करूनही फरक नाही का. तिन्हीला हो असेल तर सर्जनना भेटा. फार थांबल्यानेही तोटा होतो. पाय धनुष्यासारखा वाकडा आणि गुडघा कायमचा दुमडलेला झाला की ऑपरेशनही अवघड होतं आणि नंतरचा व्यायामही.

९. आईचं वय ७८ आहे. या वयात कशाला, असं सगळे म्हणतात.

वयाची वरची मर्यादा नाही. हृदय, फुप्फुसं, किडनी आणि साखर बघतात. अटलबिहारी वाजपेयींचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी बदलला तेव्हा ते पंचाहत्तर वर्षांचे होते आणि पंतप्रधान होते. पुढच्या वर्षी उजवा बदलला आणि २००४ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळलं. आपल्याकडे घराघरात हे ऑपरेशन माहीत झालं ते तेव्हापासून.

उलट कमी वयात विचार जास्त करायला लागतो, कारण सांधा आयुष्यभर पुरायला हवा. आजच्या आकड्यांनुसार दहातले सुमारे आठ कृत्रिम गुडघे पंचवीस वर्षांनंतरही टिकून असतात. सत्तरीत बसवलेला गुडघा बहुतेकांना पुन्हा बदलायला लागत नाही. पन्नाशीत बसवलेला कदाचित लागेल.

१०. दोन्ही एकदम करावेत की एकेक?

एकदम केले तर भूल एकदा, हॉस्पिटल एकदा, रजा एकदा. पण शरीरावरचा ताण जास्त, रक्तस्राव जास्त, आणि आधाराला चांगला पाय उरत नाही. हृदयविकार असेल किंवा वय बरंच असेल तर सर्जन सहसा एकेकच सुचवतात, मध्ये दोन-तीन महिने सोडून. 'एकदाच काय ते उरकून टाकू' हे घरच्यांच्या सोयीचं वाक्य आहे. निर्णय भूलतज्ज्ञांना विचारून घ्या.

११. रोबोटने केलं तर जास्त चांगलं होतं का? आणि सांध्याची किंमत किती?

रोबोट स्वतः ऑपरेशन करत नाही. हाड ठरल्याप्रमाणे कापलं जावं यासाठी तो सर्जनच्या हाताला मदत करतो. त्याने अचूकता वाढते, पण काही वर्षांनंतरच्या दुखण्यात आणि चालण्यात मोठा फरक पडतो असं अजून सिद्ध झालेलं नाही. मी सर्जनचा अनुभव आधी बघेन.

सांध्याच्या किमतीवर ऑगस्ट २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे. तेव्हा कोबाल्ट-क्रोमियमच्या सांध्याला ५४,७२० रुपये, टायटॅनियम किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमच्या सांध्याला ७६,६०० रुपये अशी कमाल किंमत ठरली, जीएसटी वेगळा. त्याआधी हेच सांधे दीड-दोन लाखांना पडत. नंतर दरांत थोडाफार बदल होत आला आहे, म्हणून बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागा. तो तुमचा हक्क आहे. खोलीचं भाडं, सर्जनची फी आणि रोबोट वापरण्याचे पैसे यांवर ही मर्यादा नाही, आणि बिलं फुगतात ती तिथेच.

आरोग्य विमा असेल तर प्रतीक्षा काळ पाहा. बहुतेक पॉलिसींत सांधेबदलासाठी दोन ते तीन वर्षं थांबायला लागतं. सरकारी योजनांसाठी योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून रेशनकार्ड आणि आधार दाखवा. कोणत्या ठिकाणी हे ऑपरेशन बसतं ते तोच सांगेल.

१२. ऑपरेशनच्या आधी काय तयारी करायची?

अंगाची तयारी आधी. मधुमेह असेल तर तीन महिन्यांची साखर, म्हणजे एचबीए१सी, साधारण साडेसातच्या आसपास आणा. किडलेले दात आधी काढून किंवा भरून घ्या. लघवीला जळजळ असेल तर सांगा. आणि पायाची बोटं फाकवून पाहा. पावसाळ्यात शेतात काम करणाऱ्या बायकांच्या बोटांत चिखल्या असतात, टाचांना भेगा असतात. नेहमीचंच म्हणून कुणी बोलत नाही, पण जंतू आत जायला तो उघडा दरवाजा आहे. त्या बऱ्या होईपर्यंत तारीख पुढे ढकलली तरी चालेल. रक्त पातळ करायच्या आणि आमवाताच्या गोळ्यांची यादी सर्जनना द्या. कोणती चालू ठेवायची, कोणती थांबवायची ते त्यांनाच ठरवू द्या.

घरात कमोड हवा. भारतीय संडास असेल तर वर ठेवायची कमोडची खुर्ची आणा. संडासात भिंतीला पकडायचा दांडा, बाथरूममध्ये प्लॅस्टिकची पक्की खुर्ची, दाराशी आणि पलंगाशी असलेली पायपुसणी उचलून ठेवलेली. पलंग उंच हवा, गादी खाली घालू नका. वॉकर आधीच आणून संडासाच्या दारातून आत जातो का ते पाहा. जुन्या घरांत बहुतेक वेळा तो अडकतो.

१३. गुडघ्याखाली उशी ठेवली की आईला बरं वाटतं. ठेवू ना?

नको. या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा.

ऑपरेशननंतर गुडघा किंचित दुमडलेला असताना सगळ्यात कमी दुखतो. म्हणून पेशंट उशी मागतो, आणि माया करणारी सून किंवा मुलगी ती देते. आतली जखम त्याच अवस्थेत भरत जाते, मागचा भाग आखडतो आणि गुडघा पुन्हा पूर्ण सरळ होत नाही. मग माणूस कायम थोडा वाकून, लंगडत चालतो, मांडी थकते, कंबर दुखते, आणि दोष ऑपरेशनला लागतो.

मी प्रत्येक भेटीत पहिलं काम हे करते: पेशंटला पाठीवर झोपवते आणि माझा तळहात त्याच्या गुडघ्याखाली सरकवते. हात आरपार गेला तर गुडघा सरळ नाही. मग टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवायचा, गुडघा अधांतरी सोडायचा आणि मांडी आवळून गुडघा खाली दाबायचा. दहा आकडे. माझ्या आईच्या वेळी नवव्या दिवशी तिने दाबलं आणि माझी बोटं गादीत रुतली, मला हात ओढून काढता येईना. त्या दिवशी मला पहिल्यांदा शांत झोप लागली.

उशी हवीच असेल तर टाचेखाली किंवा पूर्ण पोटरीखाली ठेवा. कुशीवर झोपताना दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये ठेवली तरी चालते.

१४. गुडघा किती दिवसांत किती वाकला पाहिजे?

साधारण दोन आठवड्यांत नव्वद अंश, म्हणजे खुर्चीवर बसल्यावर पाऊल गुडघ्याच्या सरळ खाली येईल इतका. सहा ते बारा आठवड्यांत एकशे दहा ते एकशे वीस. ऑपरेशनआधी जो गुडघा कमी वाकत होता तो नंतरही थोडा कमीच वाकतो. घरी करायला सोपं म्हणजे पलंगावर टाचेखाली प्लॅस्टिकची पिशवी ठेवायची, थोडी पावडर टाकायची आणि टाच आपल्याकडे सरकवायची. दिवसातून एकदा तासभर घाम काढण्यापेक्षा चार-पाच वेळा दहा-दहा मिनिटं करा. दुखण्याची गोळी व्यायामाच्या अर्धा तास आधी घ्या, लागली तर घेण्यात कमीपणा नाही.

सहा आठवडे होऊनही नव्वद झाले नाहीत तर सर्जनना भेटा. गरज पडली तर भूल देऊन गुडघा मोकळा करतात, पण ते पहिल्या काही आठवड्यांतच सोपं असतं.

१५. शेक द्यायचा की बर्फ? तेल कधी लावायचं?

पहिले दोन-तीन महिने बर्फ. पंच्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, व्यायामानंतर. गरम शेकाने सूज वाढते, आणि जखमेभोवतीची कातडी बधिर असल्याने भाजलं तरी कळत नाही. तेल जखम पूर्ण सुकून खपली पडल्याशिवाय नाही. त्यानंतर खोबरेल बोटावर घेऊन व्रणावर हलक्या हाताने फिरवा, कातडी मऊ राहते. पोटरी जोरात चोळायला मालिशवाल्या बाईंना मात्र बोलावू नका. का ते १७ व्या उत्तरात वाचा.

१६. बाराव्या दिवशी बाबा रडायला लागले. कशाला केलं ऑपरेशन म्हणतात. काय करू?

त्यांच्याजवळ बसा. हे फार जणांचं होतं आणि कुणी आधी सांगत नाही. हॉस्पिटलमधली गडबड संपलेली असते, भेटायला येणारे कमी झालेले असतात, रात्री झोप लागत नाही, भूक नाही, आणि पाय अजून आपला वाटत नाही. दुसरा ते चौथा आठवडा सगळ्यात जड जातो. त्यानंतर झोप परतते आणि माणूसही परततो.

त्यांना सकाळी आंघोळ घालून रोजचे कपडे घालायला द्या, गाऊन किंवा बनियनवर ठेवू नका. जेवण पलंगावर न देता टेबलाशी द्या. आणि सगळं हातात देऊ नका. पाण्याचा तांब्या आणायला वॉकर घेऊन ते उठले तर उठू द्या, तुम्ही मागे उभे राहा. शेजारच्या कुणाचं दहाव्या दिवशी काठीवर चालणं झालं होतं, हे त्यांच्यासमोर बोलू नका. सहा आठवड्यांनंतरही उदासी तशीच असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असं ते बोलत असतील तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

१७. सूज, गरमपणा, बधिरपणा, टकटक आवाज: यात घाबरण्यासारखं काय आहे?

या चारांपैकी एकही नाही. सूज तीन ते सहा महिने कमी-जास्त होत राहते, संध्याकाळी वाढते. गुडघा हाताला गरम लागतो, तोही काही महिने. व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिर पट्टा राहतो, तो बऱ्याच जणांना कायमचा. धातू आणि प्लॅस्टिक एकमेकांवर टेकल्याने टक असा आवाज येतो, त्याने काही सैल झालेलं नसतं.

धावायचं ते याला: एका पायाच्या पोटरीत नवीन दुखणं, ती ताठ आणि सुजलेली. ही शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळली तर ती सुटून फुप्फुसात जाण्याची भीती असते. अचानक धाप किंवा छातीत दुखणं असेल तर थेट मोठं हॉस्पिटल गाठा, उजाडायची वाट पाहू नका. जखमेतून पाणी किंवा पू येणं, लाली पसरणं, थंडी वाजून ताप येणं असेल तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या सर्जनना फोन करा. जवळच्या दवाखान्यातून अँटिबायोटिक सुरू करू नका. त्याने जंतू लपतात आणि खरं निदान लांबतं.

१८. जिना कसा चढायचा? काठी कोणत्या हातात?

काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात. चढताना चांगला पाय आधी, उतरताना ऑपरेशनचा आधी. सुरुवातीला एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत जा. वॉकरवरून काठीवर साधारण तीन ते सहा आठवड्यांत येतात. लंगडत बिनकाठीचं चालण्यापेक्षा काठी घेऊन सरळ चालणं चांगलं. लंगडण्याची सवय लागली की ती सोडवायला मला महिने लागतात.

१९. मांडी घालून बसता येईल का? पूजा, पंगत, खुरपणी?

काहींना काही महिन्यांनी मांडी घालता येते, पण मी त्यासाठी जोर लावायला सांगत नाही. उकिडवं बसणं आणि वज्रासन सोडूनच द्या. प्लॅस्टिकच्या भागावर फार ताण येतो. सत्यनारायणाला चौरंग टेबलावर मांडा आणि खुर्चीत बसून पूजा करा, माझ्या पेशंटांचे गुरुजी आता आपणहून खुर्ची मागवतात.

शेतकरी बायकांना मी स्पष्ट सांगते: खुरपणी आणि खाली बसून धार काढणं आता नाही. उंच स्टुलावर बसून धार काढता येते, उभ्याने तोडणी करता येते, गोठा झाडता येतो. ऑपरेशनच्या आधीच घरच्यांशी हे बोलून घ्या. सहा महिन्यांनी 'आता पाय चांगला झालाय ना' म्हणून भांगलायला पाठवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

२०. स्कूटर, कार आणि विमान कधी?

कार साधारण सहा आठवड्यांनी, काठी सुटल्यावर आणि गुंगी आणणाऱ्या गोळ्या बंद झाल्यावर. जोरात ब्रेक दाबता आला पाहिजे. स्कूटरला आणखी महिनाभर थांबा, थांबताना पाय झटकन टेकवायला लागतो. मुलांकडे परदेशी जायचं तर लांबचं विमान दीड ते तीन महिन्यांनी, सर्जनना विचारून. कडेची सीट घ्या, तासा-तासाला उठा, पावलं हलवत राहा. विमानतळावर यंत्र वाजेल. तपासणीआधीच गुडघा बदललाय असं सांगा, हाताने तपासून सोडतात.

२१. माझा खुबा बदललाय. हेच सगळं लागू आहे का?

जखम, गुठळी, काठी आणि घराची तयारी याबाबत हो. पण खुब्यात भीती सांधा निसटण्याची असते. मागच्या बाजूने ऑपरेशन झालं असेल तर सहा ते बारा आठवडे पायावर पाय टाकू नका, खाली वाकून वस्तू उचलू नका, नव्वद अंशांपेक्षा जास्त दुमडेल अशा बुटक्या खुर्चीत बसू नका, कुशीवर झोपताना पायांत उशी ठेवा. पुढच्या बाजूने झालं असेल तर नियम वेगळे असतात, डिस्चार्जच्या वेळी लिहून घ्या.

२२. पाच महिने झाले, अजून दुखतं. ऑपरेशन फसलं का?

पाच महिन्यांत तसं ठरवू नका. सुधारणा वर्षभर चालू राहते. महिन्या-महिन्याची तुलना करा, दिवसा-दिवसाची नको. तरीही खरं सांगायला हवं. सुमारे पाचातल्या एकाला गुडघा बदलूनही पूर्ण समाधान मिळत नाही, काही ना काही दुखणं राहतं. कधी दुखणं कमरेतून किंवा खुब्यातून येत असतं, कधी मांडी कमजोर असते, कधी सांधा सैल असतो किंवा हलका जंतुसंसर्ग असतो. दुखणं कमी होत होतं आणि पुन्हा वाढू लागलं असेल तर तपासणी हवीच.

२३. दोन्ही गुडघे बदलले आहेत. पायी वारीला जाऊ का?

पहिल्या वर्षी नको. त्यानंतर मन मानत नसेल तर आळंदी ते पंढरपूर सगळी वाट न धरता एक टप्पा धरा. दिवेघाटाचा चढ टाळून सासवडहून जेजुरीला जाणारे माझे दोन पेशंट आहेत. तीन महिने आधीपासून रोजचं चालणं वाढवत नेतात, मऊ तळाचे बूट घालतात, मुक्कामाला खाली न झोपता सोबत घडीची खाट नेतात. एक आजी तर दोन्ही गुडघ्यांवर दोन सुती पट्ट्या आणि वर तुळशीची माळ, अशा निघतात. रिंगणात धावू नका, फुगडी नको. पायावर जखम झाली तर तिथेच थांबा.

२४. आठ वर्षं उत्तम चालला. आता ताप आला आणि तोच गुडघा सुजला. काय असेल?

जंतुसंसर्ग असू शकतो आणि तो वर्षांनंतरही होतो. दात, पायाची जखम, लघवी, कुठूनही जंतू रक्तातून कृत्रिम सांध्यावर बसतात. म्हणून दाताचं किंवा दुसरं कोणतंही काम करताना डॉक्टरांना आधी सांगा की माझा सांधा बदललेला आहे. ऑपरेशननंतर पहिले तीन महिने तातडीचं नसलेलं दातांचं काम टाळा. अचानक सुजलेल्या गुडघ्याला शेक, लेप, पट्टा काही करू नका. शक्यतो त्याच दिवशी सर्जनकडे जा. ते सुईने पाणी काढून तपासतील. दिवस जितके कमी गेले असतील तितकी सांधा वाचण्याची शक्यता जास्त.

जाताना जुनी फाईल न्या. डिस्चार्जच्या कागदांत सांध्याची कंपनी, माप आणि बॅच क्रमांक असलेली छोटी स्टिकरं चिकटवलेली असतात. दुसरं ऑपरेशन करायला लागलं तर सर्जनना तीच आधी लागतात. आज घरी असाल तर आत्ताच ते पान काढा, मोबाईलवर फोटो घ्या आणि मुलांना पाठवून ठेवा.